हाडामागची शीर आणि अडीच मिलिमीटरचं बिट

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. गॅदरिंग संपलेलं, सबमिशन डोक्यावर बसलेलं आणि जर्नलं अर्धी कोरी. अशा शुभमुहूर्तावर रात्री साडेदहाला चहा पिऊन परत येताना माझा पार्टनर बाईकवरून घसरला. वळणावर खडी पसरलेली होती. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण सगळा भार डाव्या खांद्यावर आला. मी मागच्या गाडीवर होतो. जवळ गेलो तर तो रस्त्यावर बसून उजव्या हाताने डावा हात धरून म्हणत होता, "काहीतरी कट्‌कन मोडलं रे."

मोडलं होतं कॉलरबोन. शब्दकोशात याला 'जत्रुक' म्हणतात, पण त्या नावाने ते हाड कुणी ओळखत असेल असं वाटत नाही.

सकाळी त्याचे वडील रात्रीच्या एस.टी.ने आले. गावाकडे शेती, शिक्षण सातवीपर्यंत, पण माणूस एकदम विचारी. नर्सने संमतीपत्र आणून दिलं. काकांनी चष्मा लावून ते ओळ न् ओळ वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, "लेका, तू इंजिनिअर होणार. ह्यात लिहिलंय, मोठ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, जिवाला धोका संभवतो. हाड मोडलंय खांद्याचं आणि धोका जिवाला कसा काय? आमच्याकडं झाडावरनं पडलेली पोरं हात झोळीत बांधून बरी होतात. सही करू का नको?"

मित्रांनो, तिसऱ्या वर्षापर्यंत बऱ्याच व्हायव्हा दिल्या, पण इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी गप्प बसलो. नशिबाने डॉक्टर भले निघाले. त्यांनी काकांना समोर बसवून, केसपेपरच्या मागे पेनाने चित्र काढून अर्धा तास समजावलं. नंतर मीही लायब्ररीत बसून बरंच वाचलं. त्यातून जे कळलं ते तुमच्यासाठी लिहितोय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पण या विषयात मेकॅनिकलवाल्यांच्या ओळखीचं इतकं काही निघालं की लिहिल्याशिवाय राहवेना.

हाड आणि त्याचे शेजारी

छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत आडवं गेलेलं, साधारण पंधरा सेंटिमीटर लांबीचं, इंग्रजी 'एस'सारखं वळलेलं हे हाड. हात आणि धड यांना जोडणारा हाडांचा दुवा एवढाच. बाकी सगळं स्नायूंवर लटकलेलं. म्हणजे आपल्या भाषेत हा एक स्ट्रट आहे, खांद्याला छातीपासून बाहेर धरून ठेवणारा. आईच्या पोटात सगळ्यात आधी हाड बनायला सुरुवात होते ती याची, आणि पूर्ण जुळून पक्कं व्हायला ते सगळ्यात उशीर लावतं. याचं आतलं टोक विशीनंतर कधीतरी जुळतं. म्हणजे आपल्यापैकी अनेकांचं अजून काम चालू आहे!

'एस'ची दोन वळणं जिथे मिळतात त्या मधल्या भागात हाड बारीक असतं आणि तिथे स्नायूंचा, बंधांचा आधारही कमी. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. कॉलरबोनच्या दर दहा फ्रॅक्चरपैकी साधारण सात-आठ याच मधल्या तिसऱ्या भागात होतात.

आता शेजारी बघा. या हाडाच्या मागून आणि खालून हाताकडे तीन गोष्टी जातात. एक, हाताला रक्त पुरवणारी सबक्लेव्हियन धमनी. दोन, हाताकडचं रक्त परत आणणारी सबक्लेव्हियन शीर. तीन, हाताच्या मज्जातंतूंचा जुडगा. सबक्लेव्हियन म्हणजेच कॉलरबोनच्या खालची. नावातच पत्ता दिलाय. यातली शीर पुढे असते, म्हणजे हाडाला सगळ्यात जवळची. धमनी तिच्या मागे आणि त्या दोघींच्या मध्ये मानेतला एक स्नायू. धमनी करंगळीएवढी जाड म्हणा, शीर तिच्याहून रुंद आणि भिंतीला पातळ. हाड आणि हे शेजारी यांच्यामध्ये सबक्लेव्हियस नावाचा एक छोटा स्नायू गादीसारखा असतो. त्यांच्याखाली पहिली बरगडी आणि फुप्फुसाचं टोक. एवढ्याशा जागेत एवढी गर्दी. आपल्या होस्टेलच्या खोल्या बऱ्या!

हाड मोडलं की मानेतला स्नायू आतला तुकडा वर ओढतो, हाताचं वजन बाहेरचा तुकडा खाली नेतं आणि छातीचा स्नायू खांदा आत ओढतो. दोन तुकडे एकमेकांवर चढतात. तरीही बहुतेक वेळा शेजाऱ्यांना काही होत नाही, पण क्वचित होतं. इंग्लंडचे माजी पंतप्रधान सर रॉबर्ट पील २९ जून १८५० रोजी लंडनमध्ये घोड्यावरून पडले, घोडाही त्यांच्यावर आला, आणि २ जुलैला ते गेले. कॉलरबोन मोडून मागची सबक्लेव्हियन वाहिनी फाटली असावी, असं त्यांच्या मृत्यूचं कारण सहसा दिलं जातं. म्हणजे काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. खांद्याचं हाड आणि जीव यांच्यात अंतर काही मिलिमीटरचं आहे.

मग शस्त्रक्रिया करायचीच कशाला?

काकांचं झोळीचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं. १९६० मध्ये नीअर या अमेरिकन सर्जनने शस्त्रक्रियेशिवाय बरे केलेले २२३५ रुग्ण पाहिले, त्यात फक्त ३ जणांचं हाड जुळलं नव्हतं. त्यानंतर कित्येक वर्षं 'कॉलरबोनला हात लावू नका' हाच नियम होता. डॉक्टरांनीही काकांना सांगितलं, "बहुतेकांना झोळी पुरते, तुमचं बरोबर आहे."

पण पुढे लक्षात आलं की सगळी फ्रॅक्चर सारखी नसतात. तुकडे पूर्ण सरकलेले असतील, तर गोष्ट वेगळी. कॅनडात अशा १३२ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शेवटपर्यंत तपासता आलेल्यांमध्ये प्लेट बसवलेल्या ६२ पैकी २ जणांचं हाड जुळलं नाही, तर झोळीवाल्या ४९ पैकी ७ जणांचं. पार्टनरचे तुकडे दोन सेंटिमीटरहून जास्त एकमेकांवर चढले होते आणि मधली एक चीप उभी राहून कातडीला आतून टोचत होती. कातडी पांढरी पडत चालली होती. अशा वेळी थांबलं, तर हाड कातडीतून बाहेर यायची भीती.

पार्टनरला मात्र यातलं कशाचं काही नव्हतं. तो मोटो जीपीचा भक्त. पडल्या पडल्या म्हणाला, "काका नका काढू हो, म्हणजे बाबा नका काळजी करू, लोरेन्झोला बघा!" (पेनकिलरचा परिणाम.) खोर्खे लोरेन्झोचं डावं कॉलरबोन २७ जून २०१३ रोजी असेनच्या सरावात मोडलं. तो विमानाने बार्सिलोनाला गेला, टायटॅनियमची प्लेट बसवून घेतली आणि २९ तारखेला शर्यतीत पाचवा आला. हे खरं आहे. पण पार्टनर पुढचं सांगत नाही. दोन आठवड्यांनी जर्मनीत तो पुन्हा पडला, प्लेट वाकली आणि पुन्हा शस्त्रक्रिया झाली. प्लेट हाडाला जुळेपर्यंत धरून ठेवते, ती हाडाची जागा घेत नाही. शेवटी तोही धातूच!

ड्रिल आरपार जातो तेव्हा

आता आपल्या प्रांतात येऊ. प्लेट बसवायची म्हणजे हाडाला भोकं पाडायची. साधारणपणे साडेतीन मिलिमीटरचे स्क्रू वापरतात, त्यासाठी अडीच मिलिमीटरचं बिट. हाड म्हणजे बाहेरून दोन कडक भिंती आणि मध्ये जाळीदार भाग. स्क्रूची पकड पक्की व्हावी म्हणून तो दोन्ही भिंतींतून न्यावा लागतो. मधल्या भागात हाडाची जाडी सेंटिमीटरभर. म्हणजे बिटाने पहिली भिंत फोडायची, जाळीतून जायचं, दुसरी भिंत फोडायची आणि तिथेच, अगदी तिथेच थांबायचं. कारण त्या भिंतीपलीकडे शीर आहे.

पहिल्या वर्षाचं वर्कशॉप आठवा. पत्र्याला ड्रिल मारताना शेवटच्या क्षणी बिट एकदम 'फस्स' करून आरपार जातं. आपण जोर लावलेला असतो, समोरचा विरोध अचानक संपतो आणि हात पुढे जातो. आमचे वर्कशॉपचे सर ओरडायचे, "अरे, जॉबखाली लाकडाचा ठोकळा ठेवा! टेबलाला भोक पाडू नका!" हेच सर्जनच्या हातात होतं.

थोडं गणित करू. आकडे अंदाजाचे आहेत, समजण्यापुरते. समजा हाताचा जोर ४० न्यूटन, हात आणि ड्रिल मिळून २ किलो. विरोध संपला की त्वरण २० मीटर प्रति सेकंद वर्ग. फक्त २५ मिलिसेकंदात बिट किती पुढे जाईल? अर्धा गुणिले २० गुणिले ०.०२५ चा वर्ग, म्हणजे सव्वासहा मिलिमीटर. आणि माणसाला 'अरे, आरपार गेलं' हे कळून हात आवरायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सर्जन कितीही निष्णात असला, तरी आरपार गेल्यावर सावध होऊन उपयोग नाही. सावधगिरी त्याच्या आधीच घ्यावी लागते. खरा हात इतका साधा नसतो, तो स्प्रिंगसारखा वागतो, जोर लगेच कमी होतो, हे मान्य. पण मुद्दा तोच. बिट बोथट असेल तर जास्त जोर लावावा लागतो आणि जास्त जोर म्हणजे जास्त उडी.

मग हळूहळू, कमी जोराने का नको? तर त्यातही मेख आहे. फार वेळ बिट फिरत राहिलं, तर हाड तापतं. हाडाचं तापमान ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिलं, तरी तिथल्या पेशींना इजा होते. स्क्रूभोवतीचं हाड मेलं की स्क्रू ढिला. म्हणून ड्रिल करताना सलाईनचं पाणी सोडतात. आपलं कूलंटच की!

धोका कुठे, हे दिशेवर ठरतं

मला सगळ्यात रंजक वाटलेला भाग हा. शेजारी तेच, पण हाडाच्या लांबीनुसार ते जागा बदलतात. छातीकडच्या तिसऱ्या भागात वाहिन्या हाडाच्या बरोबर मागे, काही ठिकाणी जवळजवळ चिकटून. तिथे पुढून मागे मारलेला ड्रिल धोक्याचा. मधल्या भागात त्या तिरक्या खाली-मागे येतात. तिथे वरून खाली मारलेला ड्रिल जास्त जपून मारावा लागतो. खांद्याकडच्या भागात त्या काखेकडे वळून हाडापासून लांब जातात, तिथे धोका कमी.

म्हणून प्लेट हाडाच्या वर बसवायची की पुढच्या बाजूला, याचा विचार करावा लागतो. वरची प्लेट मजबुतीला चांगली, पण मधल्या भागात तिचे स्क्रू खाली, वाहिन्यांच्या दिशेने जातात. पुढे बसवली तर मधल्या भागात दिशा जरा बरी मिळते, पण आतल्या टोकाला तीच दिशा वाईट. सगळीकडे चालेल असं एक उत्तर नाही. फ्रॅक्चर कुठे आहे ते पाहून ठरवायचं.

ड्रिलशिवायही इजा होऊ शकते. तुकडे जागेवर आणताना हाडाची टोकदार चीप शिरेत घुसू शकते. फ्रॅक्चर जुनं असेल, तर शीर आजूबाजूच्या व्रणात चिकटून बसलेली असते आणि हाड सोडवताना फाटू शकते. म्हणून महिनोन्‌महिने थांबून केलेली शस्त्रक्रिया जास्त अवघड.

रक्त थांबवणं अवघड का?

हे काकांनी विचारलं. "पायाला कुऱ्हाड लागली तर आम्ही वर फडकं आवळून बांधतो. इथं बांधता येत नाही का?"

नाही येत. हाताला पट्टा आवळता येतो, खांद्याच्या मुळाशी आवळायला जागाच नाही. वर हाड झाकण बनून बसलेलं, त्यामुळे दाबायचं तरी कुठे? फाटलेली वाहिनी मागे छातीच्या पिंजऱ्यात सरकू शकते. अशा वेळी छाती उघडावी लागू शकते, किंवा मांडीतल्या अथवा हातातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन आतून फुगा फुगवून रक्त अडवायचं आणि आवरण असलेला स्टेंट बसवायचा.

शिरेचा आणखी एक धोका आहे. ही शीर आजूबाजूच्या पडद्यांना धरलेली असते, म्हणून फाटली तरी मिटत नाही, उघडी राहते. श्वास घेताना आतला दाब वातावरणापेक्षा कमी होतो. म्हणजे रक्त बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाऊ शकते आणि ती थेट हृदयाकडे जाते. पंपात हवा अडकली की काय होतं, हे फ्लुइडवाल्यांना विचारा.

आणि एक फसवी गोष्ट. धमनीला इजा झाली तरी मनगटाची नाडी लागू शकते, कारण खांद्याभोवती रक्ताला पर्यायी वाटा असतात. त्यामुळे नाडी लागते म्हणजे सगळं ठीक, असं नाही. दोन्ही हातांचा रक्तदाब, हाताचा गारवा, कॉलरबोनच्या वर वाढत जाणारी सूज हे सगळं बघतात आणि शंका आली तर रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करतात.

उशिराने दिसणारी इजा

सगळ्याच इजा टेबलावर कळत नाहीत. स्क्रू गरजेपेक्षा लांब राहिला आणि त्याचं टोक धमनीला टेकलं, तर? हृदय मिनिटाला ७२ वेळा धडधडतं. दिवसाचे झाले १ लाख ३ हजार ६८० ठोके. तितक्या वेळा धमनीची भिंत त्या टोकावर घासणार. फटिगचा धडा आठवतोय ना? एका सायकलला काही होत नाही, लाखो-कोटींनी होतं. भिंत झिजून तिथे रक्ताचा फुगा तयार होतो किंवा गुठळ्या होऊन त्या पुढे बोटांकडे जातात. हे काही आठवड्यांनी किंवा काही वर्षांनीही दिसू शकतं.

प्लेटऐवजी नुसत्या तारा घातल्या, तर त्या सुटून सरकू शकतात. खांद्याजवळ घातलेली तार फुप्फुसापर्यंत पोचल्याची नोंद १९४३ सालीच वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. म्हणून शस्त्रक्रियेनंतर हात सुजला, निळसर पडला, गार लागला, बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा खांद्याजवळ धडधडणारी गाठ लागली, तर 'परीक्षा झाल्यावर बघू' म्हणायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

मग सर्जन काय करतात?

डॉक्टरांनी सांगितलेली यादी ऐकताना मला वर्कशॉपच्या भिंतीवरच्या सूचना आठवत होत्या. बिट नवं आणि धारदार. ड्रिल दोन्ही हातांनी, एक हात रुग्णाच्या अंगावर टेकवून. बिटावर गाइड, म्हणजे ते घसरत नाही. शक्य तिथे स्टॉपर, म्हणजे ठरलेल्या खोलीपुढे ते जातच नाही. दुसरी भिंत लागली की जोर कमी. भोकाची खोली गेजने मोजून मगच स्क्रू निवडायचा, टोक पलीकडे जेमतेम येईल एवढाच. आतल्या बाजूला फार जवळीक असेल, तर प्लेटमध्येच आटे असलेला लॉकिंग स्क्रू फक्त पहिल्या भिंतीत बसवता येतो, तो पलीकडे न्यावाच लागतो असं नाही. जोखमीच्या ठिकाणी हाडाखाली एक बोथट पट्टी सरकवून ठेवायची, बिट निसटलंच तर तिच्यावर आदळेल. रक्ताची सोय आधीच करायची आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन हाकेच्या अंतरावर आहेत ना, ते पाहायचं.

ही पट्टी ऐकल्यावर मी न राहवून म्हणालो, "म्हणजे लाकडाचा ठोकळा!" डॉक्टर हसले, म्हणाले, "अगदी तोच." मग काकांना मीच ठोकळ्याची गोष्ट सांगितली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "असं किती जणांना होतं?" डॉक्टर म्हणाले, "फार क्वचित. पण झालं तर मोठं होतं, म्हणून कागदावर लिहितो. लपवत नाही." काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लपवलं असतं तर मी सही केली नसती." आणि सही केली.

शस्त्रक्रिया दीड तास चालली. मी आणि काका बाहेर बाकड्यावर. मी मनात सव्वासहा मिलिमीटरचं गणित पुन्हा पुन्हा करत होतो, आणि पहिल्यांदाच वाटलं की हे उत्तर चुकलेलं बरं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा काकांचा पहिला प्रश्न, "साहेब, ठोकळा ठेवला होता ना?" डॉक्टर म्हणाले, "ठेवला होता काका. आणि आतल्या बाजूचं एक भोक रिकामंच सोडलंय. तिथे स्क्रूची गरज नव्हती, मग धोका कशाला घ्यायचा?"

पार्टनर आता बरा आहे. त्याची जर्नलं मी लिहिली, त्याची वसुली चालू आहे. मला मात्र एक गोष्ट कायमची कळली. टॉलरन्स म्हणजे ड्रॉइंगवरचा प्लस-मायनस, एवढंच समजत होतो. तो किती ठेवायचा हे जॉबपेक्षा जॉबच्या पलीकडे काय आहे, त्यावर ठरतं.

आणि हो, खडीवर ब्रेक दाबू नका. संमतीपत्र समोर आलं, तर काकांसारखं पूर्ण वाचा आणि न कळलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारा. विचारण्यात लाज कसली?

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी